जावयाने वाढवलेला वेग

जावयाला काही म्हणायचं नाही, ही आमच्या घरातली रीत. सासूने त्याच्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. काही सांगायचंच असलं तर भिंतीकडे तोंड करून सांगायचं, "पाहुण्यायले पाणी द्या." माझ्या आईने हे पाळलं, मीही पाळलं. वाचणाऱ्याला हसू येत असेल तर येऊ द्या. गेल्या उन्हाळ्यात या रीतीपायी माझ्या सुनेचं नाव मातीत जाणार होतं आणि सगळं घर ते नीट बसून पाहत होतं. तो राग माझा अजून गेलेला नाही. शाळा मी चौथीपर्यंत शिकले. पण आकडे मला वाचता येतात, आणि तेवढ्यावरच हे पकडलं गेलं.

पांढुर्ण्यात आमचं घर रस्त्याला लागून आहे. समोरच्या खोलीत सुनेचं दुकान. ती लग्नांचं शूटिंग करते आणि मग कम्प्युटरवर बसून त्याची फिल्म बनवते. या भागात हे काम करणारे बाकी सगळे पुरुष. सुरुवातीला लोक मांडवात तिलाच विचारायचे, "कॅमेरावाला कुठं राहिला?" आणि ती कॅमेरा घेऊन समोर उभी असायची. पुरुषाच्या हातून फिल्म बिघडली तर मशीन खराब होती. बाईच्या हातून बिघडली तर बाईला काम दिलं म्हणून बिघडली. सौंसरच्या एका लग्नात ऐन वेळी लाईट गेली, तर त्याबद्दलही लोकांनी हिलाच बोल लावला.

अशात तिला रामाकोन्याचं लग्न मिळालं. रामाकोना माझं माहेर. माझ्या चुलतभावाच्या नातीचं लग्न होतं. भाऊ मला म्हणाला, "बाई, तुही सून आहे म्हणून देऊन राहिलो. पण गावात आमचं हसं नको व्हाले." म्हणजे काम दिलं ते माझ्या तोंडाकडे पाहून. चांगलं झालं असतं तर त्या पट्ट्यातली लग्नं तिच्याकडे येऊ लागली असती. बिघडलं असतं तर तिने कॅमेरा विकून टाकलेला बरा. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

तिचा कम्प्युटर जुना. नागपुरात कोणाचं तरी गेम खेळायचं दुकान बंद पडलं, तिथून आणलेला. फिल्म बनवायला लावली की तो दिवसभर घरघरत बसायचा, आणि मे महिन्यात तर त्याच्याजवळ हात नेला तरी धग लागायची. मी एकदा तिला विचारलं, हा इतका हळू का. तिने स्वयंपाकघरातलं उदाहरण दिलं. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. सगळं सामान कोठीत असतं, पण दर वेळी कोठीत जायला वेळ लागतो, म्हणून रोजचं लागणारं चुलीजवळ मसाल्याच्या डब्यात ठेवतो. कम्प्युटरमधल्या त्या डब्याला कॅश मेमरी म्हणतात. बाईच्या हाताचा एक वेग असतो आणि त्या डब्याचा आपला एक. दोन्ही वेग सेटिंगमधून वाढवता येतात, पण बेतानं.

"अन् जास्त वाढवला तर?" मी विचारलं.

"तर हात हळदीऐवजी तिखटात जाते, मामीजी. भाजी तर बनते. पण खाल्ल्यावर समजते." सून मला मामीजी म्हणते. आमच्याकडे सासूला असंच म्हणतात.

हे बोलणं झालं तेव्हा मी ते कानाआड केलं होतं. पुढे तेच उपयोगी आलं.

रामाकोन्याचं लग्न झालं, आणि दुसऱ्या दिवशी माझी मुलगी आणि जावई नागपूरहून रसाच्या पाहुणचाराला आले. आंब्याच्या दिवसांत जावयाला बोलावून रस खाऊ घालावाच लागतो. जावई तिकडे एका ऑफिसात कम्प्युटरवर काम करतो. घरात कोणाच्याही मशीनला हात लावल्याशिवाय त्याला करमत नाही. माझ्या मुलाच्या मोबाइलचं त्याने आधी एकदा वाटोळं केलेलं होतं, पण ते कोणी बोलून दाखवत नाही. जावई ना तो.

या वेळी तो स्पंजात गुंडाळून एक प्रोसेसर घेऊन आला होता. त्याच्या स्वतःच्या जुन्या मशीनमधून काढलेला. "वहिनी, तुमच्या कम्प्युटरात हा बसते," तो म्हणाला. "मंग पहा, कसा पळते."

सुनेच्या बॅगेत रामाकोन्याचं कार्ड तसंच पडलं होतं. कॅमेऱ्यातलं कार्ड, ज्यात सगळं लग्न होतं. जुन्या मशीनवर ते उतरवून घ्यायला फार वेळ लागतो, म्हणून ती घरी आल्यावर अंघोळ, स्वयंपाक आटपून बसणार होती. ती म्हणाली, "भाऊजी, आधी माझं काम उतरवून घेते. मंग करा तुम्ही."

"अरे, नव्यावर उतरवा ना! चहा होईपर्यंत होते."

माझा मुलगा तिथेच उभा होता. तो बायकोला म्हणाला, "जिजाजी म्हणून राहिले न. सरक तिकडं."

ती सरकली. जावयाने कम्प्युटरचा डबा उघडला, जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला, वर पांढरं मलम लावलं, पंखा घट्ट केला. एवढं नीट केलं, हे मी म्हणेन. माणसाने इथेच थांबायला हवं होतं. मशीन सुरू झालं, आधीपेक्षा चांगलं चाललं. पण चांगल्यावर त्याचं भागलं नाही. मशीन बंद करून त्याने परत सुरू केलं, सुरू होताना एक बटण दाबून धरलं आणि काळ्या पडद्यावरचं सेटिंग उघडलं. मग घरच्या सगळ्यांना हाका मारल्या. मलाही दारात उभं राहून पाहावं लागलं, पदर सांभाळत.

"हा पहा प्रोसेसरचा आकडा," तो म्हणाला आणि चव्वेचाळीस केला. "अन् हा कॅश मेमरीचा." तिथेही चव्वेचाळीस.

सून हळूच म्हणाली, "भाऊजी, दुसरा राहू द्या ना खाली. प्रोसेसरचा वाढवला तेवढा पुरे आहे. अन् एकेक आकडा वाढवून तपासून पाहा लागते म्हणतात, खूप वेळ."

"वहिनी, दोघं सोबतच पळले पाहिजेत. एक पळते अन् एक रांगते, असं जमते का?"

मुलगा हसला. "हे आता जिजाजीले शिकवून राहिली."

मुलगीही हसली. जावयाने तपासणी लावली, ती चालू असताना हात धुऊन आला, पडद्यावर वेगाचा मोठा आकडा आलेला सगळ्यांना दाखवला आणि पाटावर जाऊन बसला. तपासणी तेवढीच. रस वाटीभर संपायला जितका वेळ लागतो, त्याहून कमी.

जेवणानंतर सुनेने रामाकोन्याचं कार्ड लावलं. सगळं लग्न खरंच चहा होईपर्यंत उतरलं. जावयाने टाळ्या वाजवल्या, मुलाने वाजवल्या. सुनेने दोन-तीन ठिकाणी उघडून पाहिलं, सुरुवात बरोबर दिसली. तिची पद्धत अशी की एक प्रत कम्प्युटरमध्ये आणि दुसरी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कच्या डब्यात. तीही तिने काढली, पण कम्प्युटरमधल्या प्रतीवरूनच. मग कार्ड पुसून रिकामं केलं, कारण दुसऱ्या दिवशी बोरगावच्या लग्नात तेच लावायचं होतं. सोबत अजून एक होतं, पण बोरगावचं लग्न मोठं होतं, एक पुरलं नसतं.

बोरगावहून ती आली आणि सकाळी रामाकोन्याची फिल्म उघडली. मी दुकानातल्या तखतावर बसून संत्र्याच्या पोत्याच्या सुतळीचा गुंता सोडवत होते. हळदीचं बरोबर चाललं. मांडव बरोबर. मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवरीच्या तोंडावर हिरवे चौकोन आले. मग चित्र थिजलं. मग भटजी अर्धा वर, अर्धा खाली. पाठवणीचं तर उघडेचना. तिने बाहेरच्या डब्यातली प्रत लावली. तीही तशीच, त्याच जागी तेच चौकोन.

तिने कोणाला हाक मारली नाही. तीच मंगलाष्टकं परत परत लावून पाहत राहिली.

जावई आला, पाहिलं आणि लगेच म्हणाला, "कार्ड खराब आहे."

"हाव, कार्डच," मुलगा म्हणाला. त्याला काय कळत होतं? काहीच नाही.

कार्डावरून परत काढावं तर त्याच्यावर आता बोरगावचं लग्न चढलेलं. जावयाने एक-दोन गोष्टी करून पाहिल्या, काही हाती लागलं नाही. सून एवढंच म्हणाली, "या कार्डावर कधी असं झालं नाही."

दुपारी परत रस झाला. रस खाल्ल्यावर आमच्या घरात सगळे आडवे होतात. कूलर दुकानात आहे म्हणून मी तखतावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. जावई आत आला. मी झोपले समजून त्याने मशीन बंद करून सुरू केलं. माझ्यासमोर भिंतीवर काचेची तसबीर आहे, तिच्यात उजेड हलला म्हणून मी झोपेतल्यासारखी कूस बदलली आणि डोळे किलकिले ठेवले. काळा पडदा. पहिला चव्वेचाळीस तसाच राहिला. दुसऱ्या चव्वेचाळीसचे त्याने छत्तीस केले. इकडेतिकडे पाहिलं. बंद केलं आणि पाय न वाजवता आत गेला.

सगळे उठल्यावर तो मोठ्याने म्हणाला, "वहिनी, आता बोरगावचं उतरवा. होते का नाही पाहू."

तिने दोन्ही कार्डं लावली. बोरगावचं लग्न पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ उतरलं. जावई म्हणाला, "रामाकोन्याच्या वेळेस कार्डनंच दगा दिला असंन. आता चाललं, पण भरवसा नाही. फेकून द्या ते."

मी पुष्कळ माणसं पाहिली आहेत. चूक करणाऱ्याचा मला इतका राग येत नाही. पण चूक गुपचूप दुरुस्त करून दुसऱ्याच्या अंगावर ठेवणाऱ्याला मी रस वाढला होता, तूप घालून, ते आठवून माझं डोकं फिरलं.

तिकडे मुलाने मोबाइल काढला होता. "रामाकोन्याले सांगून टाकतो, कार्ड खराब निघालं म्हणून."

सून म्हणाली, "कार्ड माझं आहे. ते म्हणतील, बाईनं हलकं कार्ड लावलं."

"मंग काय सांगू? जिजाजीनं बिघडवलं सांगू?" मुलगा हसत म्हणाला. त्याला ती थट्टा वाटत होती.

ती माझ्याकडे वळली. "मामीजी, कार्ड बरोबर आहे. पण मी कसं म्हणू?" आणि भांडी घासायला उठली. माझ्या घरात बाई अशीच उठते, आणि तिला तसं उठायला मीच शिकवलं.

मी डोक्यावरचा पदर काढला. खांद्यावर टाकला. आणि सरळ त्याच्या तोंडाकडे पाहून म्हटलं, "जावईबापू, दुपारी तुम्ही तो दुसरा आकडा खाली काऊन केला जी?"

"आई!" मुलगी ओरडली.

"आई, तुले काय समजते त्यातलं?" मुलगा म्हणाला.

"मले काहीच समजत नाही. मले चव्वेचाळीस समजते अन् छत्तीस समजते."

जावई म्हणाला, "ते सेफ्टीसाठी केलं."

"कोणाच्या?"

सून दारात आली होती, हाताला राख. तिने विचारलं, "भाऊजी, कॅश मेमरीचा?"

"हं. थोडा जास्त झाला होता. होते असं कधी कधी."

होते असं कधी कधी. माझ्या सुनेने हे वाक्य म्हटलं असतं तर तिला माहेरी पोचवायची भाषा निघाली असती, याच खोलीत.

मी म्हटलं, "उद्या रामाकोन्याले चला. तुमच्या तोंडानं सांगा."

मुलगी रडायला लागली. "तू यायचा अपमान करून राहिली, आई. हे पुन्हा या घरी येतील का?"

"नाही आले तर आंबे वाचतील."

त्यावर मुलाला हसू फुटलं आणि माझ्याकडे पाहून त्याने ते गिळलं. जावयाने त्या दिवशी जेवायला नाही म्हटलं. मी कोणाला आग्रह करू दिला नाही. सगळे जेवायला बसल्यावर तोही येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच गाडीने निघालो. तो, मी आणि सून. मुलीने यायला नाही म्हटलं. मुलाला त्याच दिवशी काम निघालं, निघणारच. सुनेच्या मांडीवर लॅपटॉपची पिशवी होती. लॅपटॉप तिच्या मैत्रिणीकडून मागून आणलेला, जे उरलं ते दाखवायला.

मला वाटलं होतं, भावाच्या दारात गेल्यावर तरी या माणसाला घाम फुटेल. मी माझं माहेर विसरले होते. भावाने गाडीतून कोण उतरलं ते पाहिलं आणि आत ओरडला, "अवो, पाणी आणा, भाचजावई आले!" माझी मुलगी त्यांची भाची. भाचीचा नवरा म्हणजे देव. पाट मांडला, पाय धुवायला पाणी आलं, कपाळाला कुंकू लागलं, खांद्यावर टॉवेल आला, डोक्यावर पांढरी टोपी चढली. नारळ आला. माझी सून पिशवी छातीशी धरून उंबऱ्याजवळ उभी. तिला कोणी बस म्हटलं नाही. नवरीची आई आतून म्हणाली, "फिल्म आणली का बाई? सारं गाव विचारून राहिलं."

"भाऊ," मी म्हटलं, "तो नारळ खाली ठेव. आधी ऐकून घे."

भाऊ नारळ हातात धरून तसाच थांबला. जावई माझ्याकडे पाहू लागला. मी नजर हलवली नाही. मग त्याने सांगितलं, डोक्यावर त्यांचीच टोपी घालून. मंगलाष्टकं गेली, पाठवणी गेली.

भावाने पहिल्यांदा कोणाकडे पाहावं? सुनेकडे. "म्हणजे सूनबाईनं..."

"नाही," जावई म्हणाला. आता तो जरा मोठ्याने बोलला. "वहिनी नको म्हणत होत्या. मशीनचा वेग मी वाढवला. त्यानं बिघडलं." एवढं मी त्याच्या नावावर लिहिते. मी ढकलल्याशिवाय तो तिथे पोचला नसता, पण तोंड उघडल्यावर अर्धं सांगितलं नाही.

भाऊ खाटेवर बसला. मी वाट पाहत होते की आता चिडेल, बोलेल, चार शब्द ऐकवेल. नातीचं लग्न गेलं होतं त्याच्या. त्याने नारळाची शेंडी दोनदा ओढली आणि म्हणाला, "जाऊ द्या जी. जावयाले कोण काय म्हणन? झालं ते झालं. चहा ठेवा वो."

बस. एवढंच. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. सुनेचं नाव वाचलं होतं, तिच्याकडे बोट गेलं नव्हतं. पण माझ्या अंगाचा भडका झाला. मी म्हटलं, "भाऊ, हेच हिच्या हातून झालं असतं तर असंच म्हटलं असतं का तू?"

चहाचं भांडं घेऊन नवरीची आई दारात उभी होती. ती म्हणाली, "नसतं म्हटलं, आत्याबाई. म्याही नसतं म्हटलं." तिने भांडं खाली ठेवलं, सुनेच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला खाटेवर बसवलं. "दाखव बाई, काय काय उरलं ते."

हळद पाहिली, मांडव पाहिला. हिरवे चौकोनही पाहिले. मग त्या बाईने आळीतल्या बायकांना हाका मारल्या. मांडवात सगळ्यांच्या हातात मोबाइल होतेच. कोणाकडे मंगलाष्टकं निघाली, तिरपी, मधे कोणाचं तरी डोकं आलेली. कोणाकडे पाठवणी. सून सगळ्यांचे मोबाइल घेऊन संध्याकाळपर्यंत उतरवत बसली. जावई तिच्याजवळ बसून तारा जोडून देत होता. कोणी सांगितल्याशिवाय कशालाच हात लावत नव्हता. टोपी त्याने कधी काढली ते मी पाहिलं नाही.

फिल्म तयार झाली. मधला भाग मोबाइलचा आहे हे दिसतं, लपत नाही. नवरीला ती आवडली म्हणे. मला नाही आवडली. सुनेने काढलेली पाठवणी चांगली होती. मी तिथेच होते, ती कुठे उभी राहून काढत होती ते मी पाहिलं होतं. ती पाठवणी कायमची गेली. लोक म्हणतात, सगळं गोड झालं. गोड काही झालं नाही. मानाच्या पाहुण्याने चूक केली म्हणून ती माफ झाली. माझ्या सुनेचं नाव राहिलं, पण ज्या रीतीने ते घालवायचं ठरवलं होतं, त्याच रीतीने वाचवलं. याला मी न्याय म्हणत नाही. पण त्याच पट्ट्यातून तिला पुढच्या मोसमाचं काम आलं, नवरीच्या आईच्या सांगण्यावरून, हे खरं आहे.

घरी आल्यावर सुनेने मशीन आपल्या हाती घेतलं. प्रोसेसरचा आकडा थोडा उतरवला, कॅश मेमरीचा त्याहून खाली ठेवला आणि तपासणी लावून दिली. ती संपेपर्यंत कम्प्युटरला हात लावू दिला नाही, नवऱ्यालाही नाही. आता ती कार्डावरून दोन्ही प्रती वेगवेगळ्या उतरवते आणि शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय कार्ड पुसत नाही. मग तिने त्या काळ्या पडद्याला पासवर्ड लावला. "मामीजी, तुम्ही सांगा काय ठेवू," ती म्हणाली. मी तिच्या कानात सांगितला.

मुलीला वाटलं होतं, जावई परत येणार नाही. या वर्षी आंबे निघाले आणि तो आला. मी पहिल्यासारखा डोक्यावर पदर घेतला. त्याच्याशी बोलणं तेवढंच होतं, ते झालं. पाणी पिऊन तो दुकानात गेला, मशीन सुरू करताना बटण दाबून धरलं आणि थांबला.

"वहिनी, पासवर्ड?"

"मामीजीले विचारा, भाऊजी. त्यायनंच ठेवला."

तो दारापर्यंत आला. सासूला थेट विचारायचं कसं? त्याने घसा खाकरला, चौकटीकडे पाहिलं आणि चौकटीलाच म्हणाला, "पासवर्ड कोणापाशी आहे म्हणते?"

मी भिंतीकडे तोंड केलं.

"पाहुण्यायले रस वाढा," मी म्हटलं.